पितळी जबड्यातलं विमान

सलग चौथा दिवस ढगाळ. ऊन नाही, पाऊस नाही, वाराही नाही. न पिळता वाळत टाकलेल्या चादरीसारखं आभाळ छपरांवर लोंबत होतं. अशा हवेत माणसं कुरकुरतात आणि प्लॅस्टर रुसतं. एरवी दहा मिनिटांत दगड होणारं प्लॅस्टर अर्धा तास झाला तरी नखाला लागत राहतं. ताईंनी आपला नेहमीचा उपाय केला. रबरी वाटीत कोमट पाणी घेतलं, त्यावर पांढरी पूड भुरभुरली, पूड पाणी पिईपर्यंत थांबल्या, मग चपट्या पात्यानं गरागरा घोटून वाटी टेबलावर चार वेळा आपटली. बुडबुडे वर आले आणि फुटले. तरी त्या वाकून बघत राहिल्या. एखादा लबाड तळाशी दबा धरून बसलेला असायचाच.

बुडबुड्यांशी ताईंचं जुनं वैर. त्या कवळ्या करायच्या. दातांचा डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा घेतो, तो डब्यातून ताईंकडे येतो, आणि आठ-दहा दिवसांनी त्याच डब्यातून दातांचा संच परत जातो. मधलं सगळं घराच्या या मागच्या खोलीत. साच्यात एक बुडबुडा राहिला की कुणाच्या तरी हिरडीला पुढची दहा वर्षं तो टोचणार. म्हणून खोलीत कुठंही बारीक खड्डा दिसला की ताईंचा हात आपोआप मेणाकडे जायचा. भिंतीतल्या खिळ्याची भोकंसुद्धा त्यांनी गुलाबी मेणानं बुजवली होती.

अडतीस वर्षं झाली या कामाला. "आसपासच्या चार रस्त्यांवर जेवढी म्हातारी माणसं हसतात, त्यातली निम्मी माझ्या दातांनी हसतात," असं ताई म्हणायच्या. आणि नवरा लगेच पुढे जोडायचा, "उरलेली निम्मी तिला घाबरून हसत नाहीत." नवरा वजनकाट्यावरून निवृत्त झालेला. जन्मभर ट्रक तोलले, आता घरात बसून बायकोचे शब्द तोलायचा.

पण गेल्या सहा महिन्यांत चार कवळ्या परत आल्या होत्या. अडतीस वर्षांत मिळून परत आल्या नसतील एवढ्या. एका शिंप्याची, एका आजींची, आणि बस स्थानकावर घोषणा करणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांची तर दोनदा. 'बसत नाही, उडते, खटखट वाजते.' त्यात सकाळी हात गार असला की उजवा अंगठा थरथरायचा. फार नाही. मेणाच्या सुरीचं टोक दिव्यात चमकायचं, ते जरा जास्त चमकायचं, एवढंच. पण ताईंना ते दिसायचं, आणि आपल्याला दिसतं ते दुसऱ्यालाही दिसत असणार, हे त्यांना कळायचं.

दुसऱ्यालाही दिसलंच. धाकटे डॉक्टर मुद्दाम घरी आले. त्यांच्या वडिलांनी ताईंना पहिलं काम दिलेलं. धाकटे लहानपणी याच खोलीत मेणाचे हत्ती करत बसायचे. त्यामुळे त्यांना बोलायला जड जात होतं. खुर्चीत बसले, उठले, खिडकीशी गेले.

"ताई, तुमच्या हातासारखा हात नाही, हे बाबा मरेपर्यंत म्हणत होते."

"आणि तुम्ही काय म्हणताय?"

"मी म्हणतो... हातानं खूप केलं. आता त्यालाही विश्रांती हवी ना? महिनाअखेरपर्यंत विचार करा. घाई नाही."

घाई नाही म्हणायचं आणि तारीख द्यायची, हे ताईंच्या बरोबर लक्षात आलं. डॉक्टर गेल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, कपाटावरचं ते खोकं काढा."

"कुठलं? ते विमानाचं? तुझा भाऊच म्हणाला होता, याला हात लावू नको म्हणून."

"म्हणूनच काढा."

ताईंना विमानांचा नाद लागला तो धाकट्या भावामुळे. तो बोटीवर नोकरीला. बारा वर्षांपूर्वी एका बंदरातून त्यानं त्यांना सुट्या भागांचं छोटं विमान आणून दिलं. "तुझ्याच धंद्यातलं आहे. रेझिन ओतून केलेलं. बघ जमतं का." जमलं. मग दर खेपेला एक यायला लागलं. प्लॅस्टर वाळायला टाकलं की दुपारी दोन ते चार हा ताईंचा विमानाचा वेळ. खिडकीवरच्या फळीवर अकरा विमानं ओळीनं उभी होती, आणि प्रत्येकाच्या पोटाखाली कवळीला लावतात तो चकाकीचा हात दिलेला.

बारावं चार वर्षं कपाटावर पडून होतं. दोन मजली पंखांचं जुनं प्रवासी विमान, पाच माणसांचं, खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याएवढं. वरचा पंख आणि खालचा पंख यांच्यामध्ये आठ खांब, काडेपेटीतल्या काडीहून बारीक. त्या आठांनी एकाच वेळी वर आणि खाली टेकायचं. एक जरी केसभर लांब-आखूड झाला, तर बाकीचे सात लंगडे. भाऊ म्हणाला होता, त्याच्या ओळखीच्या दोघांनी हे घेतलं आणि दोघांनीही अर्ध्यात फेकलं.

"हे नीट उभं राहिलं तर मी कामावर बसणार," ताई म्हणाल्या. "नाही राहिलं तर या खोलीची किल्ली डॉक्टरांना नेऊन द्या. मी हूं की चूं करणार नाही."

नवरा हसला. "अगं, उंदीर तोलायला ट्रकचा काटा? कवळी कुठे, विमान कुठे!"

"हात तोच आहे ना?"

तो खुर्चीवर चढला आणि खोकं काढून फुंकर मारली.

आत सगळा बेशिस्त कारभार. प्रत्येक भागाला ओतकामाचा जाडजूड ठोकळा चिकटलेला. पंख तर वाळलेल्या पानासारखे पिळवटलेले. माहितीचा एकच कागद, त्यावर समोरून आणि वरून घेतलेले दोन धुरकट फोटो. झाकणावर मात्र मोठं रंगीत चित्र होतं, बाजूनं काढलेलं. ताईंनी ते चष्मा वर करून पाहिलं, चष्मा खाली करून पाहिलं.

"या चित्रकाराला विमान काढता येत नाही," त्या म्हणाल्या. "वरचा पंख खालच्याच्या मागे गेलाय बघा. पाठ मोडल्यासारखं दिसतंय." आणि त्यांनी झाकण उलटं करून त्याचा ताट म्हणून उपयोग सुरू केला. सुटे भाग त्यात, मेणाचा डबा त्यात. चित्र टेबलाकडे तोंड करून पडलं ते पडलंच.

पहिला आठवडा नुसता ठोकळे कापण्यात गेला. दात कापायच्या बारीक करवतीनं, पाण्यात बुडवून, कारण रेझिनची पूड छातीत जाते. मग सगळे भाग साबणानं धुतले. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेल राहिलं तर रंग धरत नाही. पंख गरम पाण्यात सोडले, मऊ होताच काचेवर ठेवून वर दुसरी काच दाबली. सकाळी उचलले तर पट्टीसारखे सरळ. अंगठा थरथरत होता. ताईंनी कोपर टेबलाला टेकवलं, करंगळी कामावर टेकवली. तरुणपणी थोरल्या डॉक्टरांनी शिकवलेली बैठक. थरथर करंगळीपर्यंत आली आणि तिथंच थांबली.

पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे होते, सुईच्या टोकाएवढे. ताईंनी भिंग लावून एकेक शोधला आणि रंगाऱ्याची लांबी भरून बुजवला. खालच्या पंखावर चार, धडाच्या छतावर चार, वरच्या पंखाच्या पोटाला आठ. जरा जास्तच ओळीत होते हे बुडबुडे. पण बुडबुडा म्हणजे बुडबुडा. घासून गुळगुळीत केल्यावर त्यांनी बोट फिरवलं आणि समाधानानं मान हलवली.

उरला प्रश्न खांबांचा. हातात दोन पंख, मधे आठ काड्या आणि दहा सेकंदांत धरणारा गोंद. यासाठी माणसाला पाच हात हवेत. तीन दुपारी ताई नुसत्या बघत बसल्या. चौथ्या दुपारी नजर फळीवरच्या पितळी जबड्यावर गेली.

हा जबडा म्हणजे कवळी करणाऱ्याचा उजवा हात. बिजागरीचं पितळी यंत्र. खालच्या भागावर खालच्या हिरडीचा साचा बसवायचा, वरच्यावर वरचा, आणि उघडझाप करून दात एकमेकांवर नीट येतात का ते बघायचं. माणसाच्या तोंडाबाहेरचं तोंडच ते.

"अहो!" ताई ओरडल्या. "हे दोन पंख म्हणजे दोन जबडे आहेत!"

नवरा बाहेरच्या खोलीतून म्हणाला, "आणि मधे मी, जीभ."

त्यांनी विमानाचं धड खालच्या पंखासकट मेणात बसवलं, वरचा पंख वरच्या भागाला मेणानं चिकटवला. पुढे-मागे सरकवून जागा ठरवली. इथं ताईंना विचार करावा लागला नाही. वरची ओळ खालच्या ओळीच्या दोन मिलिमीटर पुढे. अडतीस वर्षांत किमान तीन हजार तोंडं त्यांनी अशीच मिटवली होती. मग एकेक खांब उभा केला. दात लावल्यासारखाच: थोडं घासायचं, जबडा मिटायचा, उघडायचा, परत घासायचं. शेवटी दात तपासायचा निळा कागद मधे घातला आणि जबडा मिटला. खांब टेकतो तिथं निळा ठिपका उमटतो. नाही टेकला, तर नाही उमटत.

उघडून पाहिलं. आठ ठिपके. आठही सारखे, एकही फिका नाही.

ताई आधी पाणी प्यायल्या. मग गोंद लावला, जबडा मिटला आणि नवऱ्याला हाक मारली. तो आला, वाकला, एक डोळा मिटून डाव्या पंखाचं टोक पाहिलं, मग उजव्या. जन्मभर काटा बघितलेली नजर.

"तोल बरोबर आहे," तो म्हणाला. त्याच्या तोंडून याहून मोठी स्तुती लग्नातही निघाली नव्हती.

"मग डॉक्टरांना काय सांगायचं?"

"काय सांगायचं ते तू सांग. मी जीभ आहे, पण तोंड तुझं."

महिनाअखेरीला चार दिवस उरले होते. विमानाला रंगाआधीचं राखाडी अस्तर लागलं. आणि हे ढग दाटून आले, प्लॅस्टर रुसलं, ती आजची सकाळ उजाडली.

घोषणावाले आले ते थेट मागच्या दारानं. ताईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा जबडा तेवढा ओळखीचा. उंच माणूस, इस्त्रीचा सदरा, खणखणीत आवाज. बस अमुक फलाटावर लागली आहे हे तीस वर्षं सांगितलेलं असल्यानं ते घरातसुद्धा लांबच्या माणसाशी बोलल्यासारखे बोलायचे.

"कवळीवाल्या ताई आपणच? डॉक्टर म्हणाले सोमवारी या. मी म्हटलं, डॉक्टरांनी नुसती तोंडात घातली. जिनं केली तिलाच का विचारू नये?" त्यांनी खिशातून चष्म्याची डबी काढली, तिच्यातून कवळी काढली आणि टेबलावर ठेवली. "दिसायला राजाची. आरशात मला बघून बायको लाजली. पण घास घेतला की खालची उडी मारते. फोनवर नातीला गोष्ट सांगायची तर ती म्हणते, आजोबा, तुमच्या तोंडात कोण चालतंय?"

"बसा," ताई म्हणाल्या. "माझा हात जरा..." त्यांनी कवळी उचलून दिव्याखाली धरली.

ते बसले. कवळीशिवाय त्यांचा खालचा ओठ चांगला बोटभर पुढे आलेला. ताईंची नजर तिथं गेलेली त्यांनी पाहिली आणि ते मोकळेपणानं हसले.

"हे जन्मजात. शाळेत मला 'कप्पा' म्हणायचे. अर्धवट उघडा राहिलेला टेबलाचा कप्पा! स्थानकावरही तेच नाव. माझे खरे दात होते तेव्हाही खालचे पुढे, वरचे मागे. भाकरीचा तुकडा मी खालून तोडायचो."

तेवढ्यात नवरा चहा घेऊन आला. टेबलावर जागा करायला त्यानं झाकणाचं ताट रिकामं करून उचललं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. तीन आठवड्यांनी चित्र उजेडात आलं. घोषणावाल्यांनी चहाचा घोट घेतला, चित्र बघितलं, शेजारचं राखाडी विमान बघितलं, परत चित्र बघितलं.

"वा. पण ताई, हे विमान आणि ते विमान वेगळं आहे का हो?"

"तेच आहे. का?"

"नाही, चित्रातल्याचा वरचा पंख मागे आहे, खालचा पुढे. माझ्यासारखा. तुमच्यात वरचा पुढे आलाय." ते हसले. "म्हणजे तुम्ही यालाही सुधारलंत!"

ताईंनी चष्मा वर केला. विमानाकडे पाहिलं. ओळीत असलेले ते बुडबुडे त्यांना आठवले: खाली चार, छतावर चार, वर आठ. ते बुडबुडे नव्हतेच. खांबांच्या जागा होत्या, विमान करणाऱ्यानं दाखवून ठेवलेल्या. एकेक शोधून त्यांनी बुजवल्या होत्या.

त्या उठल्या. भिंतीकडच्या खणातून 'घोषणा' असं लिहिलेला डबा काढला. आत मेणाची पट्टी होती, या गृहस्थांनी डॉक्टरांसमोर चावलेली. जबडे एकमेकांवर कसे येतात त्याचा ठसा. ठशात खालचा जबडा पुढे होता, साफ दिसत होता. ताईंना आठवलं. पट्टी आली तेव्हा त्या स्वतःशीच म्हणाल्या होत्या, 'चावायला सांगितलं की म्हातारी माणसं जबडा पुढे सरकवतात. चुकीचा चावा.' आणि त्यांनी तो आपल्या मनानं मागे घेतला होता. दुसऱ्या वेळीही. डॉक्टरही आरशातलं हसू बघून खूश झाले होते.

"चूक माझी आहे," ताई म्हणाल्या.

"छे छे, वय झालं की हात..."

"हात नाही." त्यांनी विमान उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. आठ खांब, एकही केसभर तिरका नाही. "हात बघा ना. हातानं सांगितलं ते चोख केलं. मीच चुकीचं सांगितलं. तुमच्या तोंडाचा ठसा समोर होता आणि मी मात्र मला पाठ असलेलंच तोंड करत बसले."

त्यांना वाटलं होतं, हाताची चूक नाही असं कळलं तर आनंद होईल. झाला नाही. हात थकला असता, तर हाताला बोल लावून मोकळं होता आलं असतं. अंगठा काही उलट बोलला नसता. बघायचं कधी सोडून दिलं, हे कुणाला विचारायचं?

घोषणावाले उठायला लागले. "बसा," ताई म्हणाल्या, आणि या खेपेला आवाजात हुकूम होता. "तोंड मिटा. नेहमी मिटता तसं. आता इकडे मान करा." त्यांनी खुर्ची ओढली, समोर बसल्या आणि बराच वेळ त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"बस सोडा एखादी."

त्यांनी बस सोडली. फलाट क्रमांक सात, प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात. शब्द कुठं ओठाला लागतो, कुठं हवा निसटते, ताई बघत होत्या. बाहेरच्या खोलीत नवऱ्यानं टाळी वाजवली.

ते गेल्यावर ताईंनी बाकीचे दोन डबे काढले. आजींच्या ठशात तीच गोष्ट. आजी एकाच बाजूनं चावायच्या आणि ताईंनी दोन्ही बाजू समसमान केल्या होत्या. शिंप्याच्या कवळीत मात्र काही सापडलं नाही. मागचे दोन दात खरंच जरा तिरके बसले होते. ते हाताचं असेल. ताईंनी ते डबे वेगवेगळ्या खणांत ठेवले.

मग विमान घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या. गोंद गारठला की ठिसूळ होतो, तडकन सुटतो. थोड्या वेळानं नवरा फ्रीजरमधला बर्फ काढायला गेला आणि तिथूनच ओरडला, "अगं, मटारात विमान उतरलंय!"

"राहू दे. सकाळी सोडवायचंय."

"सोडवायचंय? तोल बरोबर होता की!"

"तोल बरोबर होता, विमान चुकीचं होतं."

नवऱ्यानं यावर विचार केला. चुकीचा ट्रक काट्यावर बरोबर भरू शकतो, हे त्यानं पुष्कळदा पाहिलं होतं. तो म्हणाला, "मग किल्ली?"

ताईंनी उत्तर द्यायच्या आधीच फोन वाजला, तो त्यांनी उचलला. पलीकडे धाकटे डॉक्टर. "ताई, विचार झाला का?"

"झाला. तुमच्या घोषणावाल्यांची कवळी मी पुन्हा नव्यानं करणार. खालचे दात पुढे लावणार. दिसायला राजाची होणार नाही. ओरडू नका."

"पण ताई, तसं लावतात का कुठं?"

"त्यांच्या तोंडात तसंच होतं. तुमच्या मेणातही तसंच आहे, मीच बघितलं नाही. आजींचीही पुन्हा करते. शिंप्याचे तिरके दात माझ्या हाताचे, तेही मीच सरळ करीन, पैसे घेणार नाही. यातलं एक जरी परत आलं तर किल्ली मी स्वतः आणून देईन, तुम्ही मागायला येऊ नका. तुम्हाला घरी येऊन अवघडायला होतं."

मग डॉक्टर म्हणाले, "मेण पाठवू का नवीन? चावा पुन्हा घेऊन?"

"पाठवा. आणि त्यांना सांगा, आपल्या मनासारखं चावा. कुणी नीट चावा म्हटलं तरी ऐकू नका."

फोन ठेवून ताई मागच्या खोलीत आल्या. सकाळचं प्लॅस्टर एव्हाना धरलं होतं. नखानं टोचून पाहिलं, टणक. साच्याच्या कडेला एक बारीक खड्डा दिसला आणि हात मेणाकडे गेला. तो त्यांनी मध्येच थांबवला, भिंग लावलं आणि खड्डा नीट बघितला. बुडबुडाच होता. मग त्यांनी तो बुजवला, रबरी वाटी नळाखाली धरली आणि तिच्या कडेला वाळलेलं प्लॅस्टर अंगठ्यानं खरवडायला घेतलं.